'ऑफ माइस अँड मेन': एकटेपणा आणि भेदभाव हे दोन वेगळे प्रश्न नाहीत

तू विचारलंयस की जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'वर परीक्षेत एकटेपणावर एक प्रश्न येतो आणि भेदभावावर दुसरा, गाईडमध्ये दोन्हींच्या वेगळ्या याद्या असतात, पण पुस्तक वाचताना दोन्हीकडे तीच तीच माणसं दिसतात, मग उत्तर लिहायचं कसं? आणि रँचच्या मालकाचा मुलगा कर्ली, त्याच्या बायकोला खलनायिका म्हणायचं की बळी? हे पुस्तक मी बरीच वर्षं शिकवतेय आणि तुझी शंका मला फार योग्य वाटते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते. या लघुकादंबरीतला एकटेपणा हा कुणाचा स्वभाव नाहीये, तो त्या रँचवर, म्हणजे मजूर राबतात त्या मोठ्या शेतावर तयार होतो, म्हणजे कुणी कुठे झोपायचं, कुणाच्या खोलीत कुणी पाय ठेवायचा, म्हातारं झाल्यावर कुणाला हाकलायचं आणि कुणाचं बोलणं खरं मानायचं, या सगळ्यातून. आणि सगळ्यांचा एकटेपणा सारख्या वजनाचा पण नाही. हे एकदा लक्षात आलं की दोन प्रश्नांचं एकच उत्तर होतं.

आधी रँच बघ. पुस्तक १९३७ चं, काळ मंदीचा, जागा कॅलिफोर्नियातलं सलिनासचं खोरं, सोलेदाद गावाजवळ. स्टाइनबेक १९०२ मध्ये सलिनासलाच जन्मला, आणि तरुणपणी त्यानं तिथल्या स्प्रेकल्स साखर कंपनीच्या रँचवर मजूर म्हणून काम केलेलं होतं, त्यामुळे बंकहाऊसमधला, म्हणजे मजुरांच्या झोपायच्या सामाईक खोलीतला, प्रत्येक खिळा त्याला माहीत आहे. मजुराला महिन्याला ५० डॉलर, एक खाट, आणि खाटेच्या डोक्याशी भिंतीवर ठोकलेली सफरचंदाची पेटी, त्यात साबण, वस्तरा आणि दोनचार मासिकं. एवढाच संसार. पगार झाला की माणूस तो गावात उडवतो आणि पुढच्या रँचवर जातो. अशा ठिकाणी दोस्ती टिकणार कशी? म्हणून जॉर्ज आणि त्याच्यावर अवलंबून असलेला धिप्पाड पण मंदबुद्धी लेनी हे दोन मजूर एकत्र फिरतात हीच तिथे नवलाची गोष्ट ठरते. बॉसचा तो सीन परत वाच. एक माणूस दुसऱ्याची इतकी काळजी का घेतोय हे त्याला कळतच नाही, त्याला वाटतं हा त्याचा पगार लाटत असणार. मग जॉर्जला खोटं बोलावं लागतं, लेनी आपला चुलतभाऊ आहे, लहानपणी घोड्यानं डोक्यात लाथ मारली वगैरे. मैत्रीसाठीसुद्धा नात्याचा दाखला द्यावा लागतो अशी ती जागा आहे. वर्गात या सीनवरून आपण पटकन पुढे जातो, पण मला तो पुस्तकाचा पाया वाटतो. समजून घेणारा एकच भेटतो, खेचरं हाकणारा स्लिम, आणि तोच म्हणतो की जगातला प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून असावा बहुतेक.

आता कँडी, रँचवरचा म्हातारा मजूर. त्याचा उजवा हात रँचवरच मशीनमध्ये गेला, त्याचे २५० डॉलर मिळाले, आणि आता झाडलोट करायला ठेवलाय, तेही चालतंय तोवर. त्याची भीती साधी आहे, उद्या झाडू पण मारता येईना की हाकलून देतील. मुलं मला विचारतात की सरकार काहीच करत नव्हतं का? तर १९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, म्हातारपणाच्या पेन्शनची सोय करणारा, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले होते. त्याच वर्षी युनियन करायचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातूनही शेतमजूर बाहेर. म्हणजे कँडी पुस्तकातच एकटा पडलेला नाहीये, कायद्यानंही त्याला मोजलेलं नाही. ही दोन वाक्यं उत्तरात आली तर तुझं उत्तर गाईडपेक्षा वेगळं दिसेल.

आणि कँडीचा कुत्रा. तो म्हातारा, वास मारणारा, आंधळा झालेला कुत्रा कार्लसन नावाचा मजूर बाहेर नेतो आणि लुगर पिस्तुलानं मारतो. पण त्याआधी जे होतं ते बघ. कँडी एकेकाच्या तोंडाकडे बघतो, कुणीतरी अडवेल म्हणून. स्लिमपण अडवत नाही. मग सगळे पत्ते काढतात, कुणीतरी काहीतरी विषय काढतो, तो विझतो, गोळीचा आवाज यायला वेळ लागतो आणि त्या वेळात खोलीत काय करावं हे कुणालाच सुचत नाही. कँडी छताकडे बघत पडून राहतो. त्या खोलीत वाईट माणूस कुणी नाही, कार्लसनसुद्धा दुष्ट म्हणता येणार नाही, त्याला फक्त वास सहन होत नाही. पण निरुपयोगी झालेल्याचं काय करायचं हे त्या खोलीत ठरून गेलेलं आहे, आणि कँडीला कळतं की आपला नंबर पुढचा. म्हणूनच थोड्या वेळानं जॉर्ज-लेनीच्या स्वतःची थोडी जमीन घ्यायच्या स्वप्नाबद्दल ऐकल्यावर तो एका झटक्यात आपले सगळे पैसे त्यात टाकायला तयार होतो. जमीन ६०० डॉलरची, त्यातले निम्म्याहून जास्त कँडीचे. तोवर ते स्वप्न लेनीला झोपवताना सांगायची गोष्ट होती, कँडीच्या भीतीमुळे ते पहिल्यांदा हिशोबात बसायला लागतं.

पण सगळ्यात जास्त वेळ तू चौथ्या प्रकरणाला दे. माझ्या मते एकटेपणा आणि भेदभाव कसे गुंतलेत हे बघायला अख्खं पुस्तक बाजूला ठेवून ते एक प्रकरण वाचलं तरी चालेल.

क्रुक्स हा तबेल्यातला काळा मजूर, घोड्याच्या लाथेनं पाठ वाकलेली. तो बंकहाऊसमध्ये राहू शकत नाही. त्याची खोली तबेल्याला चिकटून, जिथे घोड्यांचा सरंजाम ठेवतात आणि दुरुस्त करतात तिथेच, खिडकीखाली शेणाचा ढीग. बंकहाऊसमध्ये त्याचं काम पडलं तर तो दारातून फक्त डोकं आत घालतो आणि बोलतो, तिसऱ्या प्रकरणात स्लिमला खेचराच्या पायासाठी डांबर तयार झाल्याचं सांगायला येतो तेव्हा बघ. घोड्याच्या नालांचा खेळ तो बाहेर अंगणात सगळ्यांबरोबर खेळतो, चांगला खेळतो, पण पत्ते आतमध्ये असतात, तिथे तो नाही. त्याला आत कधी घेतलं होतं तर एका ख्रिसमसला, आणि तेव्हाही एकानं त्याच्याशी मारामारी केली, बाकीच्यांनी बघितली. हे कँडी जॉर्जला मजेत सांगतो, हेही विसरू नकोस. जो कँडी पुढे आपल्याला एवढा कळवळ्यानं आठवतो तोच.

त्याच्या खोलीतल्या वस्तू स्टाइनबेक एकेक करून सांगतो, कारण बाकीच्यांकडे एक पेटी आणि याच्याकडे खूप सामान. तो कायमचा आहे ना, मग साठतं. अलार्म घड्याळ, बंदूक, सोनेरी काड्यांचा चष्मा, फाटकी डिक्शनरी आणि हाताळून खिळखिळी झालेली कॅलिफोर्नियाच्या १९०५ च्या सिव्हिल कोडची, म्हणजे नागरी कायद्याच्या संहितेची, प्रत. या शेवटच्या पुस्तकापाशी थांब. कॅलिफोर्नियात हॉटेल, खानावळ, थिएटर अशा सार्वजनिक ठिकाणी सगळ्या नागरिकांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे ही तरतूद १८९० च्या दशकातली, आणि ती सिव्हिल कोडमध्ये घातली गेली १९०५ मध्येच. त्याच कोडमध्ये गोऱ्यांचं काळ्यांशी लग्न बेकायदा ठरवणारं कलम ६० पण होतं, त्यात १९०५ मध्ये आशियाई लोकांची भर टाकली, आणि ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं थेट १९४८ मध्ये. म्हणजे क्रुक्सच्या शेल्फवर जे पुस्तक आहे त्यात एका पानावर तो नागरिक आहे आणि दुसऱ्या पानावर त्याच्याशी नातं जोडणं गुन्ह्यासारखं. आणि बंकहाऊस हे ना हॉटेल ना थिएटर, त्यामुळे पहिल्या पानाचा तिथे काही उपयोग नाही. ती प्रत खिळखिळी का झाली असेल याचा विचार कर. त्या माणसानं ती पुन्हापुन्हा उघडलेली आहे.

आपल्याकडच्या मुलांना क्रुक्सची खोली लगेच समजते, समजावून सांगावं लागत नाही, गावकुसाबाहेरची वस्ती वर्गातलं कुणी ना कुणी काढतंच. साम्य खरं आहे, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेलं होतं, त्यामुळे हा धागा ओढूनताणून आणलेला नाही. फक्त उत्तरात तेवढंच लिहून थांबू नकोस, क्रुक्स रोज कशाकशातून जातो ते त्या खोलीच्या तपशिलांतून दाखव.

शनिवारची रात्र आहे. धडधाकट सगळे गावात गेलेत. मागे राहिलेत लेनी, कँडी आणि क्रुक्स, मंदबुद्धी, लुळा म्हातारा आणि काळा. लेनी दिवा बघून क्रुक्सच्या दारात येतो. क्रुक्स त्याला आधी हाकलतो, तुमच्या खोलीत मला येऊ देत नाही तर माझ्या खोलीत तुम्ही यायचं नाही. लेनी विचारतो, का येऊ देत नाहीत? हा प्रश्न त्या रँचवर दुसरं कुणी विचारूच शकलं नसतं, कारण बाकी सगळ्यांना उत्तर पाठ आहे. मग क्रुक्स त्याला बसू देतो आणि बोलत सुटतो, बापाचं कोंबड्यांचं फार्म, लहानपणी खेळायला येणारी गोरी मुलं, बापाला ते का आवडायचं नाही. आणि मग एकदम, काही कारण नसताना, तो लेनीला छळायला लागतो. समज जॉर्ज परत आलाच नाही तर? समज त्याला कुणी मारलं तर? लेनी घाबरतो आणि क्रुक्सच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसतो. वाचताना फार त्रास होतो. पण इथेच पुस्तक प्रामाणिक आहे. ज्याला आयुष्यभर खाली दाबलंय त्याला पहिल्यांदा आपल्यापेक्षा दुबळा माणूस सापडला आणि त्यानंही तेच केलं. लेनी उठून जवळ यायला लागतो तेव्हा क्रुक्स थांबतो आणि खरं बोलतो, की मला फक्त हे सांगायचं होतं की कुणीच नसलं की माणूस वेडा होतो, पुस्तकं पुरत नाहीत.

मग कँडी येतो. दारातच उभा राहतो, आत यायला लाजतो. इतकी वर्षं दोघं एकाच रँचवर आहेत आणि कँडी या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवतोय. क्रुक्सला आनंद होतो, तो राग दाखवून लपवतो. आणि कँडी म्हणतो, अशी स्वतःची वेगळी खोली असणं किती छान! क्रुक्स म्हणतो, हो ना, आणि खिडकीखाली शेणाचा ढीग पण आहे. कँडी मनानं वाईट नाही, पण इतक्या वर्षांत ती खोली वेगळी का आहे हा विचार त्याच्या डोक्यात आलेलाच नाही. माझ्या मते पुस्तकातली भेदभावाची सगळ्यात बारीक जागा ही, धमकीपेक्षाही. पुढे जमिनीचं बोलणं निघतं, क्रुक्स आधी हसण्यावारी नेतो, अशी शेकडो माणसं आली आणि गेली म्हणतो, आणि मग पैसे खरंच जमलेत हे कळल्यावर हळूच विचारतो, मी पण आलो तर, पगार नको, राहणं-खाणं दिलं तरी काम करीन.

तेवढ्यात कर्लीची बायको येते. तिला हे तिघं नको असतात, पण दुसरं बोलायला कुणीच नसतं, तीही तेच सांगते, कर्ली सोडून मी कुणाशी बोलायचं? ती सगळ्यांना टोचते, कँडी चिडतो, क्रुक्सला इतका धीर आलेला असतो की तो उभा राहून तिला खोलीबाहेर जायला सांगतो. आणि ती शांतपणे म्हणते की मी तुला झाडाला लटकवू शकते, इतकं सोपं आहे ते. कँडी म्हणतो आम्ही खरं सांगू, ती म्हणते तुमचं कोण ऐकणार, आणि कँडी मान्य करतो की कुणी ऐकणार नाही.

१९३७ चा वाचक हे वाचताना काय डोक्यात ठेवून होता ते लक्षात घे. १९३१ मध्ये अलाबामात दोन गोऱ्या मुलींच्या बलात्काराच्या खोट्या आरोपावरून नऊ काळ्या पोरांना पकडलं आणि दोनेक आठवड्यांतच स्कॉट्सबरो इथे आठ जणांना मृत्युदंड सुनावला होता, तो खटला वर्षानुवर्षं पेपरात होता. आणि जमावानं माणूस लटकवणं हे फक्त दक्षिणेत व्हायचं असं पण नाही, १९३३ मध्ये सॅन होजेला, सलिनासपासून साधारण १०० किलोमीटरवर, खुनाच्या आरोपातल्या दोघा गोऱ्यांना जमावानं तुरुंगातून ओढून बागेत फाशी दिलं आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं त्याचं जाहीर समर्थन केलं. तर गोऱ्यांचं हे, मग क्रुक्सचं काय झालं असतं? ती धमकी पोकळ नव्हती आणि लेनी सोडून खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. क्रुक्स त्यानंतर जणू खोलीत नसल्यासारखा होतो, आवाजसुद्धा सपाट. जॉर्ज आल्यावर तो कँडीला सांगतो, मी मगाशी म्हणालो ना येतो म्हणून, ते सोड, गंमत केली होती. त्यानंतर क्रुक्स बोलताना दिसत नाही. पाचव्या प्रकरणात लेनीच्या हातून नकळत कर्लीची बायको मरते आणि त्याचा पाठलाग सुरू होतो तेव्हा कर्ली कार्लसनला क्रुक्सची बंदूक घ्यायला सांगतो, वर्णद्वेषी शिवी वापरून, क्रुक्सला न विचारता.

आता तुझा कर्लीच्या बायकोचा प्रश्न. दोन्ही. आणि "दोन्ही" म्हणजे मधलं गुळगुळीत उत्तर देतेय असं समजू नकोस. लग्नाला दोनच आठवडे झालेत, नवरा रात्री बाहेर, आणि रँचवर ती दिसण्याआधीच पुरुषांनी तिच्याबद्दल मत करून ठेवलेलं असतं. तिला नावसुद्धा नाही, ती फक्त कर्लीची. १९३८ मध्ये नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूस या नटीला स्टाइनबेकनं पत्र लिहून तिची बाजू समजावली होती, म्हणजे लेखकालाही वाटलं की ती नीट समजली जात नाहीये. तरीपण क्रुक्सला दिलेली धमकी पुसली जात नाही. बाई म्हणून तिच्याकडे काहीच सत्ता नाही, गोरी म्हणून एका माणसावर पूर्ण सत्ता आहे, आणि तिनं तीच वापरली. क्रुक्सनं लेनीवर जे केलं तेच, फक्त इथे परिणाम जिवावरचे. उत्तरात हे दोन प्रसंग एकाशेजारी एक ठेव.

एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. क्रुक्स आणि कर्लीची बायको, दोघंही मनातलं लेनीपाशीच बोलतात. ती तबेल्यात त्याला हॉलिवूडमध्ये नटी व्हायच्या स्वप्नाचं, त्यासाठीच्या न आलेल्या पत्राचं, ते आईनंच लपवलं या संशयाचं सगळं सांगते, भराभर, कुणी थांबवायच्या आत. ज्याला काही कळत नाही आणि जो कुणाला सांगणार नाही तोच एक माणूस सुरक्षित. तेवढ्यासाठी लेनी सगळ्यांना हवा असतो, पण तो स्वतः एकटा पडतो तेव्हा त्याच्याकडे कुणी येत नाही.

लेनीबद्दलचा भेदभाव पुस्तकाबाहेरही चालू राहिला हे मुद्दाम सांगते. कॅलिफोर्नियानं १९०९ पासून सरकारी संस्थांमधल्या मनोरुग्ण किंवा "मंदबुद्धी" ठरवलेल्या लोकांची जबरदस्तीनं नसबंदी केली, पुढच्या काही दशकांत सुमारे २०,००० जणांची, त्यामुळे स्लिम जेव्हा म्हणतो की त्याला पकडून बांधून पिंजऱ्यात ठेवतील, तेव्हा तो काही वाढवून सांगत नाहीये. आणि २००४ मध्ये टेक्ससच्या एका न्यायालयानं बौद्धिक अपंगत्व असलेल्या कैद्याला मृत्युदंडातून सूट द्यायची की नाही हे ठरवताना चक्क लेनीचं उदाहरण घेतलं, म्हणजे लेनीसारख्याला सूट द्यावी असं बहुतेक लोकांना वाटेल, आणि मग कैदी तितका लेनीसारखा आहे का हे बघायचं! २०१२ मध्ये मार्विन विल्सन या कैद्याला टेक्ससमध्ये मृत्युदंड दिला तेव्हा स्टाइनबेकच्या मुलानं वडिलांच्या पात्राचा असा वापर झाल्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते निकष २०१७ मध्ये फेटाळले. एका पुस्तकातल्या माणसाच्या मोजपट्टीनं खऱ्या माणसाचा जीव मोजला गेला, मला हे सांगताना आजही राग येतो.

पुस्तकात काय नाही हेही लिही. सलिनासच्या शेतांवर त्या काळात फिलिपिनो, मेक्सिकन, जपानी मजूर मोठ्या संख्येनं होते, १९३० मध्ये जवळच्या वॉट्सनव्हिलला फिलिपिनोंवर गोऱ्या जमावाचे हल्ले झाले, १९३४ मध्ये सलिनासला फिलिपिनो मजुरांचा लेट्यूसचा संप झाला. या रँचवर त्यातलं कुणीच नाही. स्टाइनबेकला हे माहीत होतं, आणि ही उणीव मला मोठी वाटते, कितीही आवडतं पुस्तक असलं तरी.

शेवटी लिहायचं कसं ते. सुरुवात चौथ्या प्रकरणातल्या त्या शनिवार रात्रीपासून कर, मागे कोण राहिलं आणि का, आणि तिथून मागे कँडीकडे आणि पुढे तबेल्याकडे जा. गाईडमध्ये कर्लीलापण "एकटा" म्हणून यादीत टाकलेलं असतं. असेल तो एकटा, बायकोला शोधत फिरतो, कुणाला तो आवडत नाही. पण तो मालकाचा मुलगा आहे, त्याच्याशी भिडणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, आणि कँडी, क्रुक्स, लेनी यांच्यापैकी कुणालाही तो एका शब्दात रस्त्यावर आणू शकतो. त्याला त्या तिघांच्या ओळीत बसवू नकोस, वेगळा परिच्छेद दे.